कॉम्प्युटर म्हणाला रॅम खरी आहे, आणि मी ऐकलं

ही रॅम मी डोळे झाकून घेतलेली नव्हती, हे आधीच सांगते. माझा डेस्कटॉप डीडीआर४ या पिढीच्या रॅमचा, त्यात ८ जीबीची एकच स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी. मदरबोर्डच्या माहितीपत्रकात स्लॉट किती, कमाल जीबी किती, वेग कोणता चालतो हे सगळं वाचलं. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही, इथवर अभ्यास झाला होता. मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नामांकित कंपनीच्या ८ जीबीच्या दोन स्टिक दिसल्या. वेग ३२००, किंमत इतरांपेक्षा बरीच कमी. ‘जुन्या साठ्यातला सीलबंद माल’ असं कारणही दिलं होतं. घेतल्या.

पाकीट, स्टिकर, चिप्सवरचं चकचकीत धातूचं कव्हर (हीट स्प्रेडर), सगळं झकास. जुनी काढून दोन्ही नव्या लावल्या. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, १६ जीबी दिसले. सीपीयू-झेड या कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एसपीडी नावाच्या पानावर कंपनीचं नाव, क्षमता, वेग, सगळं जुळलं. (मेमरीच्या पानावर १६०० च्या आसपास आकडा दिसतो, ती फसवणूक नव्हे. डीडीआर रॅम दर ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून १६०० चे ३२०० होतात. यावरून लोक प्रामाणिक दुकानदारांशी उगाच भांडतात.) मी खूश होऊन विक्रेत्याला पाच तारे दिले.

काही दिवसांनी एक झिप फाइल उघडेना. पुन्हा उतरवली, उघडली, विसरून गेले. मग ब्राउझर मधेच बंद पडू लागला, दोनदा निळा पडदा आला, दर वेळी संदेश वेगळा. संशय डिस्कवर. केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं. रॅमचं नावही मनात आलं नाही, कारण ती ‘तपासलेली’ होती ना!

आणि याच दिवसांत मी जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर हलवले आणि जुनी पुसून टाकली. कॉपी होताना फाइल रॅममधूनच जाते. तिथे एखादा बिट उलटला, म्हणजे शून्याचा एक झाला, की तो तसाच डिस्कवर उतरतो. सर्व्हरमधली ईसीसी रॅम अशी चूक पकडते; घरच्या साध्या रॅमला तिचा पत्ताही लागत नाही. कित्येक फोटो अर्ध्यापर्यंत ठीक आणि खाली राखाडी. ते गेले ते गेलेच.

शेवटी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. पहिली फेरी स्वच्छ. बंदच करणार होते, पण झोप लागली आणि ते रात्रभर चालत राहिलं. सकाळी पडद्यावर चुकांची रांग. मग त्याच स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून पाहिली. जुनी निर्दोष, नव्यांपैकी एक निर्दोष, दुसरीत चुकाच चुका.

रागाच्या भरात तिचा हीट स्प्रेडर उचकटला. (तुम्ही हे करू नका, का ते पुढे येईलच.) आत आठ चिप्स. पाचांवरची छपाई एक, उरलेल्या तिघींचा पृष्ठभाग घासून वर नवे आकडे छापलेले. मग सीपीयू-झेड खोटं बोललं का? नाही. स्टिकवर एसपीडीची एक छोटी चिप असते, तिच्यात जे भरलंय तेच बायोस आणि सीपीयू-झेड वाचून दाखवतात. तिच्यातला मजकूर बदलता येतो. म्हणजे एका स्टिकरची खात्री मी दुसऱ्या स्टिकरवरून करून घेत होते.

विक्रेता आधी म्हणाला, बायोस अपडेट करा. मग म्हणाला, तुमच्या मदरबोर्डला चालत नसेल. फोटो पाठवल्यावर म्हणाला, हीट स्प्रेडर काढलात ना, मग वॉरंटी संपली. परतीची मुदत तर केव्हाच उलटली होती. पाकिटावर जिचं नाव होतं त्या कंपनीला सिरियल नंबर कळवला. असा नंबर आमच्या नोंदीत नाही, असं उत्तर आलं. हे मी पाकीट फोडण्याआधीच विचारू शकले असते.

माझी रडकथा ऐकून ओळखीतल्या दोघांनी आपापली सांगितली. एकाने ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेली डीडीआर३ स्वस्तात आणून इंटेलच्या बोर्डात लावली, कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. दुसऱ्याला सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम गळ्यात मारली. ती डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसते छान, पण घरच्या बोर्डावर चालत नाही. त्यांची फसवणूक पहिल्या मिनिटात तरी उघड झाली. माझी रॅम चालत होती, हाच तर घोळ.

नंतरची रॅम परतीची मुदत नीट वाचून घेतली. आल्या दिवशी सिरियल नंबर कंपनीकडे तपासला, पाकीट आणि बिल जपून ठेवलं, आणि इतर कशालाही हात लावण्याआधी रात्रभर चाचणी चालवली. चार फेऱ्या, चुका शून्य. मग त्या जुन्या विक्रेत्याला दिलेले पाच तारे काढून घ्यायला गेले, तर ती मुदतही संपलेली.