14,500 रुपये दिले, आणि गाडीला तो बेल्टच नव्हता

माझी गाडी 2014 ची स्विफ्ट डिझेल. तिच्या 1.3 लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्वची हालचाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, नसतोच; त्या जागी चेन असते. आज हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. जुलैमधल्या त्या संध्याकाळी माहीत नव्हतं, आणि तेवढ्या एका गोष्टीवर माझ्याकडून 14,500 रुपये काढून घेतले.

पुण्याहून सांगलीला निघालो होतो. मागच्या सीटवर आई, वय 78, शुगरचा त्रास. खंबाटकी ओलांडल्यापासून बॉनेटमधून किरकिर येत होती, साताऱ्याच्या पुढे ती फारच वाढली. वर पाऊस. हायवेला लागून गॅरेज दिसलं म्हणून थांबलो. तिथल्या मिस्त्रीनं दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाला, "साहेब, टायमिंग बेल्ट गेलाय. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व वाकणार, हेड उतरवायला लागणार, साठ हजाराला मरण नाही. मागं आजी आहेत, तुम्ही बघा."

आईचं नाव त्यानं काढलं आणि मी गार पडलो. बेल्टवाल्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतात, हे खरंच आहे. जुन्या सँट्रोला बेल्ट आहे, डस्टरच्या दीड लिटर डिझेलला आहे. म्हणून तर ही थाप पचते. आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे आजच कंपनीच्या पुस्तकात बघून मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

हिशेब असा: किट 9,400, वॉटर पंप 2,400, मजुरी 3,000. एकूण 14,800. वरचे 300 त्यानं सोडले. काम सव्वा तासात उरकलं. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायला अर्धा दिवस सहज जातो, हे मला नंतर कळलं.

आता जे मला रोज रात्री आठवतं ते सांगतो. "जुना बेल्ट दाखव," असं मी म्हणालो होतो. इतपत सावध होतो मी. त्यानं आत जाऊन एक दातेरी बेल्ट आणला, एका जागी चार-पाच दाते उडालेले. तो मी हातात घेतला. बोटांना कोरडी धूळ लागली. आणि बेल्ट थंड होता. सव्वाशे किलोमीटर पळून आलेलं इंजिन, मिस्त्री स्वतः फडकं धरून हात घालत होता, आणि त्यातून "आत्ताच काढला" म्हणून दिलेला बेल्ट थंडगार! बँकेच्या काउंटरवर 24 वर्षं काढली मी, खोटी नोट बोटांना कळते. तो गारवाही कळला होता. पण आईनं मागून विचारलं, "झालं का रे?" आणि मी मोबाइल काढला. स्कॅनरवर गॅरेजचं नाव नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं. तेही वाचलं आणि पैसे पाठवले. बिल मिळालं ते साध्या चिठ्ठीवर, जीएसटी नंबर नाही. असं दिसलं की एक रुपयाही देऊ नका.

सांगलीत पोचेपर्यंत किरकिर पुन्हा सुरू. आमच्या नेहमीच्या फिटरनं बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. "काका, हिला टायमिंग बेल्ट कुठला? नवा दिसतोय तो फॅन बेल्ट. पंप तर जुनाच आहे." फॅन बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या साध्या पट्ट्याची, किंमत त्यानं 750 सांगितली. आवाज हा पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगचा होता, 1,150 रुपयांत बंद झाला.

पोलिसांकडे गेलो. इथं सांगलीत म्हणाले, हद्द आमची नाही. हद्द नसली तरी झिरो एफआयआर घेता येतो, हे मीच त्यांना सांगितलं, तर "तुम्हाला कायदा जास्त कळतो का?" म्हणून गप्प बसवलं. मग गॅरेजच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो, 1,200 रुपयांचं डिझेल जाळून. तिथं दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि हवालदार म्हणाला, "बेल्ट तर टाकलाय ना त्यानं? हे दिवाणी मॅटर आहे." नसलेला पार्ट विकला ही फसवणूक नाही तर काय आहे? आधी कलम 420 होतं, आता नव्या न्याय संहितेत 318 आहे, कलम बदललं म्हणून गुन्हा बदलतो का? अर्जाची पोच मागितली, "साहेब आले की या" म्हणाले. तीनदा गेलो. साहेब एकदाही भेटले नाहीत.

ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, हे मला एकाही सरकारी टेबलावर कुणी सांगितलं नाही. बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. दोन वर्षांची मुदत असते, तोवर चिठ्ठी, पेमेंटचा स्क्रीनशॉट, दुसऱ्या फिटरचं लेखी, सगळं जपा. आणि हायवेवर बॉनेट उघडलं की मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा, पाऊस असला तरी. मी टपरीत आईला चहा पाजत बसलो होतो.

तक्रार दाखल केली आहे. तो दातेरी बेल्ट मी त्या दिवशी डिकीत टाकून आणला होता. फिटर म्हणतो, ही वेगळ्याच गाडीची वस्तू आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, तारखेला घेऊन जाणार आहे.