चित्रातली सातवी फरशी: किचन आयलंडच्या नावाखाली झालेली फसवणूक

किचन आयलंड करून घ्यायचं मनात असेल, तर डिझायनरने दाखवलेल्या थ्रीडी चित्रातल्या फरश्या आधी मोजा. आमच्या स्वयंपाकघराच्या रुंदीत दोन-दोन फुटांच्या सहा फरश्या बसतात, म्हणजे बारा फूट. आम्हाला दाखवलेल्या चित्रात सात होत्या. कॉम्प्युटरमधली खोली दोन फुटांनी फुगवली, तिच्यात आयलंड ऐसपैस बसवलं आणि त्या चित्राच्या जोरावर साठ टक्के रक्कम आगाऊ घेतली. मग आमच्या खऱ्या खोलीसाठी तेच आयलंड बनवून पाठवलं.

हे लिहिते आहे ते कोणाचं नाव खराब करायला नाही. नाव मुद्दामच देत नाही, कारण तक्रार सुरू आहे. पण फसवायची पद्धत इतकी सोपी आहे की एकट्या आमच्यावरच वापरली असेल असं वाटत नाही.

भिंतीलगतचा ओटा सगळ्यांच्या परिचयाचा. आयलंड म्हणजे खोलीच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा असा दुसरा ओटा. त्याचा सगळा खेळ ओट्यात नसून त्याच्या भोवती उरणाऱ्या वाटेत आहे. एक माणूस काम करत असेल तर कामाच्या बाजूला किमान ४२ इंच, म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटर वाट हवी. दोघं एकाच वेळी वावरणार असतील तर ४८ इंच. कोणी स्टुलावर बसलेलं असताना मागून नीट जायचं असेल तर ४४ इंच, अंग चोरून जायचं असेल तर ३६. हे आकडे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात. आम्हाला ते एकदाही सांगितले गेले नाहीत.

आता आमच्या खोलीचा हिशेब बघा. बारा फूट म्हणजे १४४ इंच. भिंतीचा ओटा २५ इंच. समोरच्या भिंतीला फ्रिज आणि उंच कपाटं, ती २८ इंच. मध्ये आयलंड ३६ इंच. बाकी उरले ५५. दोन्ही बाजूंना वाटून साडेसत्तावीस इंचांच्या दोन बोळकांड्या. चौदा फूट धरले की त्याच बोळकांड्या साडेएकोणचाळीस इंचांच्या होतात, आणि चित्रात त्या छान दिसतात. त्यातून चित्रातले स्टूलही बारीक काढलेले, फ्रिजची दारं बंद, डिशवॉशरचं दार बंद. चित्रातल्या स्वयंपाकघरात कोणी काही उघडतच नाही.

आयलंडचा सांगाडा घरात येऊन जागेवर उभा राहिला, तेव्हा डिशवॉशरचं दार खाली पाडलं तर ते आयलंडला जाऊन टेकलं. भांडी काढायला उभं राहायचं कुठे? डिझायनर म्हणाला, ‘‘मॅडम, बाजूने उभं राहायचं. सवय होते.’’ फ्रिजचं दार अर्ध्यावर अडत होतं, त्यावर म्हणाला, ‘‘फ्रिज बदलायचाच असेल ना तुम्हाला?’’

फरश्यांचं लक्षात आलं ते माझ्या धाकट्या जावेच्या. ती मोबाइलवर चित्र मोठं करून बघत होती. एकदम म्हणाली, ‘‘वहिनी, आपल्याकडे आडव्या सहाच फरश्या आहेत ना? मग इथे सात कशा?’’ आम्ही दोघींनी पायाने मोजल्या, मग बोटाने चित्रावर मोजल्या. सातच.

फोन केला तर पहिलं उत्तर आलं, ‘‘मापात गडबड झाली असेल, होतं कधी कधी.’’ मापात गडबड झाली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण त्याच माणसाच्या कोटेशनमध्ये फॉल्स सीलिंगचं क्षेत्रफळ बारा फूट रुंदीने धरलेलं होतं. घरी येऊन टेप लावल्यावर त्याने स्वतःच्या हाताने काढलेल्या कच्च्या नकाशातही बारा फूटच होते. त्या कागदाचा फोटो माझ्याकडे होता. बारा त्याला माहीत होते. चौदा फक्त आमच्यासाठी होते. हे दोन्ही कागद दाखवल्यावर दुसरं उत्तर आलं: चित्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘संकल्पनात्मक चित्र, प्रत्यक्षात फरक संभवतो.’ प्रत्यक्षात खोली दोन फुटांनी आक्रसेल, एवढा फरक संभवतो म्हणे.

यात त्याचा फायदा काय, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सरळ आहे. आमच्या खोलीत त्या मांडणीत आयलंड बसतच नव्हतं, आणि हे खरं सांगितलं असतं तर अख्ख्या कामातली सगळ्यात महागडी वस्तू यादीतून गेली असती. भिंतीच्या ओट्याला एकच दर्शनी बाजू असते. आयलंडला चार. चारही बाजूंचं लॅमिनेट, चारही कडांची मोल्डिंग, दगडाचा अख्खा स्लॅब, वीज, पाणी, दिवे, प्रत्येकावर टक्का.

दगडाचंही तसंच. कोटेशनमध्ये ‘क्वार्टझाइट’ लिहिलं होतं. इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी जाणूनबुजून केली जाते. क्वार्टझाइट हा नैसर्गिक दगड, ग्रॅनाइटसारखा कणखर. क्वार्ट्झ या नावाने विकला जातो तो कारखान्यात दगडाचा चुरा आणि रेझिन (चिकट राळ) मिसळून बनवलेला. डाग कमी धरतो, पण तापलेलं भांडं थेट टेकवलं तर रेझिनमुळे त्यावर चट्टा उठू शकतो. आणि संगमरवर दिसायला क्वार्टझाइटच्या अगदी जवळचा, पण मऊ आणि आंबट पदार्थाला भिणारा. आम्हाला आला तो तिसरा. पॉलिश झालेल्या पांढऱ्या-करड्या स्लॅबवर नुसत्या नजरेने फरक कळणं अवघड असतं, हे खरं. म्हणूनच हा माल खपतो.

ओळखायची रीत मात्र घरगुती आहे. स्लॅब कापताना उरलेला एक तुकडा मागून घ्या. त्याची धारदार कड जुन्या काचेच्या बाटलीवर दाबून घासा. क्वार्टझाइटचा काठिण्यांक (कठीणपणा सांगणारा एक ते दहामधला आकडा) सातच्या आसपास, काचेचा साडेपाच, संगमरवराचा तीन. क्वार्टझाइट काचेवर खरी, बोटाला लागणारी रेघ ओढतो. आमच्या तुकड्याने काचेवर पांढरी पूड सांडली, पुसली तर काच जशीच्या तशी. मग त्याच्यावर लिंबाचा थेंब टाकून थोडा वेळ ठेवला. पुसल्यावर थेंबाच्या आकाराचा निस्तेज गोल उमटला होता. उजेडात तिरकं बघितलं की स्पष्ट दिसायचा. हा डाग नाही, दगडच तेवढा खाल्ला गेलाय. घासून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

तुकडा कोणी देत नसेल तर तो स्लॅब घेऊ नका. तुकडा नसतो असं होतच नाही. सिंकसाठी आणि सॉकेटसाठी भोकं पाडावीच लागतात.

स्लॅबची जाडीही बघायची. आमच्या आयलंडची कड समोरून ४० मिलिमीटर दिसत होती आणि पैसेही तेवढ्या जाडीचे लावले होते. खाली वाकून हात घातला तेव्हा कळलं, स्लॅब २० मिलिमीटरचाच आहे आणि कडेला त्याचीच पट्टी ४५ अंशात कापून चिकटवली आहे. ही पद्धत वाईट नाही, चांगले कारागीर ती करतात आणि आधी सांगून करतात. पण पुढचा प्रकार धोक्याचा होता. बसायच्या बाजूला हा स्लॅब १२ इंच अधांतरी बाहेर काढला होता, खाली एकही लोखंडी ब्रॅकेट नाही. २० मिलिमीटरचा दगड आधाराशिवाय साधारण ६ इंचांपर्यंत बाहेर काढतात, ३० मिलिमीटरचा १० इंचांपर्यंत. त्यापुढे ब्रॅकेट लागतोच. एखादं मूल त्या कडेवर चढून बसलं असतं तर? आणि एवढं करून बसणाऱ्याची सोय नव्हतीच. ३६ इंच उंचीच्या ओट्याला गुडघे आत जायला १५ इंच खोली लागते. १२ इंच पुरतात ते ४२ इंच उंच बार काउंटरला. शिवाय माणशी २४ इंच रुंदी हवी. आमचं आयलंड सहा फूट लांब. चित्रात त्याला चार स्टूल लावले होते. तीन बसतात.

प्लायची गोष्ट मिस्त्रींमुळे कळली. डिझायनरचा माणूस काम सोडून गेल्यावर दुसरे एक मिस्त्री बघायला आले. त्यांनी आधी सिंकखालचं कपाट उघडलं, मग विचारलं, ‘‘ताई, सॉकेटचं भोक पाडलं त्याचा तुकडा टाकून दिला का?’’ तो कचऱ्याच्या गोणीत सापडला. मिस्त्रींनी तो आडवा धरून दाखवला. वरून झकास लॅमिनेट, खालून पांढरा कागद, आणि मधे लाकडाचे थर नव्हतेच. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड. नखाने खरवडला तर कण सुटत होते. रात्रभर बादलीत टाकला, सकाळी पाव फुगावा तसा फुगला होता. कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ एवढंच लिहिलं होतं. प्लाय हा शब्द तोंडी होता, कागदावर कुठेच नाही. पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी चालतो, स्वस्तही पडतो. सिंकखाली, फरशी पुसायचं पाणी लागणाऱ्या तळाशी तो लावणं म्हणजे ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत पुन्हा खर्चात घालणं.

बिजागऱ्या आणि चॅनलचं थोडक्यात सांगते: वरच्या दोन ड्रॉवरना सॉफ्ट-क्लोज, म्हणजे न आदळता हळूच बंद होणारे, खालच्यांना साधे. शोरूममध्ये बघताना आपण वरचेच उघडतो.

सिंक आयलंडमध्ये घ्यायचा हट्टही त्याचाच होता. चित्रात नळ चमकत होता. त्याचं सांडपाणी जाणार कुठून, याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नव्हतं. भिंतीलगतच्या सिंकचा पाइप भिंतीतून जातो; मधल्या सिंकचा फरशीखालूनच न्यावा लागतो आणि त्याला फुटामागे पाव इंच उतार लागतो. दहा फूट लांब नेला तर अडीच इंच उतार, वर पाइपची स्वतःची जाडी. एवढी जागा फरशीखाली नसेल तर एक तर फरशी उंच करा, नाही तर खालच्या मजल्याच्या छतातून पाइप न्या आणि त्यांच्याशी कायमचं वैर घ्या. आमच्याकडे सांगाडा उभा राहिल्यावर ‘प्लंबिंग एक्स्ट्रा’ म्हणून वेगळा कागद पुढे आला. तोवर साठ टक्के गेलेले, घरात चूल मांडायला जागा नाही. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, आयलंडवर घ्यायला सांगतील तेव्हाही हाच प्रश्न विचारा: चिमणीचा पाइप कुठून बाहेर काढणार? बाहेर न काढता हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी वाफ बाहेर टाकत नाही.

पुढचा तीस टक्क्यांचा हप्ता आम्ही थांबवला. त्यानंतर त्याचे फोन बंद, मग वकिलाची नोटीस, मग ‘मिटवून टाकू’चे निरोप. दगड तो परत न्यायला तयार होता, पैसे परत द्यायला नाही. दगडाचा तो तुकडा, कच्च्या नकाशाचा फोटो, सात फरश्यांचं चित्र आणि मोजपट्टी ठेवून काढलेले बोळकांडीचे फोटो असं सगळं तक्रारीला जोडलं आहे. निकाल लागायचा आहे.

स्वयंपाकघर मात्र मिस्त्रींनी मार्गी लावलं. त्यांनी काही काढण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने आयलंडचा आराखडा आखला, त्यावर रिकामी खोकी ओट्याच्या उंचीची रचली आणि म्हणाले, ‘‘आता चार दिवस यातच वावरा, मग बोलू.’’ वावरल्यावर ठरलं की समोरची उंच कपाटं रद्द, फ्रिज भिंतीच्या ओट्याच्या टोकाला. मग १४४ मधून २५ आणि ३६ गेले, राहिले ८३: कामाच्या बाजूला ४३, स्टुलांमागे ४०. तिथून अंग चोरून जावं लागतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. आयलंडमध्ये सिंक नाही. मला त्याची आठवणही येत नाही.

त्यांच्याशी केलेल्या करारातला मजकूर देते, कोणाला हवा असेल तर उचला: ‘‘सोबतच्या मापांकित नकाशात खोलीची भिंतीपासून भिंतीपर्यंतची प्रत्यक्ष मापे, सर्व दारे व ड्रॉवर पूर्ण उघडलेल्या स्थितीत आणि आयलंडभोवतीची मोकळी वाट इंचांत दाखवली आहे, थ्रीडी चित्र व नकाशा यांत तफावत आढळल्यास काम थांबवून दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होईल. दगडाचा प्रकार, जाडी व ग्राहकाने सही केलेल्या स्लॅबचा फोटो करारास जोडला आहे. दगड व बोर्ड यांचे कापलेले तुकडे ग्राहकाच्या ताब्यात द्यावेत. सांडपाणी, वीज व चिमणीचा मार्ग नकाशात दाखवला असून नमूद रकमेत समाविष्ट आहे. आगाऊ रक्कम २० टक्क्यांहून अधिक नाही. पुढील हप्ते प्रत्यक्ष झालेल्या कामानुसार. शेवटचे १५ टक्के सर्व दारे, ड्रॉवर व नळ ग्राहकासमोर चालवून दाखवल्यानंतर.’’ मिस्त्रींनी सही करण्याआधी त्यात एक ओळ स्वतः वाढवली: काम चालू असताना ग्राहकाने आराखडा बदलला तर वाढीव खर्च ग्राहकाचा. ती आम्ही ठेवली.