सकाळचा चालण्याचा ग्रुप : आठ महिन्यांनंतर

आधी खर्च सांगते, कारण अनुभव वाचायला येणारा पहिले तेच शोधतो. बूट 2,800 रुपयांचे, शिवाय महिन्याला चहा-पोह्यांचे 200. ना फी, ना ट्रेनर. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर जमायचं, तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराकडून सेमिनरी हिल्सचा चढ घ्यायचा, जपानी गार्डनपाशी जरा टेकायचं आणि परत. आम्ही नऊ-दहा जण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे.

हे ऑक्टोबरात गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, माझी शाळेची रजाही संपली. दिवस कसाबसा निघायचा, पण पहाटे चारला डोळे टक्क उघडे. डिसेंबरात शेजारच्या मावशींनी बेल वाजवली. “चाल न वं, काय करून राहिली घरात बसून?” मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. चौथ्या दिवशी गेले, ती केवळ बेल बंद व्हावी म्हणून.

पहिला महिना काही म्हणजे काही फरक नाही. उलट पोटऱ्या दुखल्या. डिसेंबरात नागपुरात उजाडायला पावणेसात होतात, त्यामुळे निम्मी वाट अंधारात. पण त्या अंधाराचा एक फायदा झाला. शेजारी चालणाऱ्याचं तोंड दिसत नाही. घरी भेटायला येणारे समोर खुर्ची ओढून बसायचे, डोळ्यांत बघून “कसं वाटतंय?” विचारायचे, आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. इथे दोघंही पुढच्या रस्त्याकडे बघतात. चढावर दम लागतो, म्हणून वाक्यं आपोआप छोटी होतात. यांच्या शेवटच्या रात्रीबद्दल मी पहिल्यांदा बोलले ते तिथेच, धापा टाकत, चार-चार शब्दांत. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त चाल कमी केली.

झोप सुधारली ती जानेवारीच्या शेवटी. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं म्हणतात. त्याने आली की नुसत्या थकव्याने, मला ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आमचा हिशेब त्याच्या दुपटीच्याही वर जातो, पण मिनिटं मोजायला मी कधी गेलेच नाही.

एक गोष्ट टोचायची. पोह्यांच्या ठेल्यावर तर्री ओतून घेताना कुणीतरी विनोद करायचं, मी हसायचे आणि लगेच चोरी पकडल्यासारखं व्हायचं. समुपदेशक बाईंकडे दोनदा गेले होते, त्यांनी स्ट्रोब आणि शूट या दोन अभ्यासकांचा 1999 चा विचार समजावला. माणूस दुःखाकडे जातो, मग रोजच्या कामांकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे. ही ये-जा चालू असते आणि दोन्ही लागतं. तेव्हापासून पोहे निवांत खाते.

खरी परीक्षा मार्चमध्ये झाली. कुलर! दर वर्षी हेच काढायचे, धुवायचे, खस बदलायचे, मोटर तपासायचे. मी गच्चीवर गेले, कुलरची बाजू उघडली, तर आत मागच्या वर्षीची वाळकी खस आणि तिच्यावर यांनी बांधलेली तार. गाठ त्यांची, उलट्या हाताची. मी तशीच खाली आले. दुसऱ्या दिवशी चालताना सहज बोलून गेले आणि रविवारी ग्रुपमधले दोन काका पान्हा-पक्कड घेऊन हजर. “मॅडम, तुम्ही चहा ठेवा.” तार मी कापू दिली नाही, सोडवायला लावली. वीस मिनिटं गेली त्यात, पण दोघांपैकी एकानेही का म्हणून विचारलं नाही. ती तार आता ड्रॉवरमध्ये आहे.

आता दोष. एक बाई आहेत, नाव नको, पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “इतक्या लवकर बाहेर पडायला लागली?” अशांच्या दोन पावलं पुढे चालावं, दम त्यांनाही लागतो. व्हॉट्सॲपवर रोज फुलांचे फोटो येतात. तो आवाज बंद करून ठेवलाय. मे महिन्यात पाचला निघावं लागतं, साडेपाचला सूर्य वर येतो आणि सातपर्यंत चटके. गुडघे दुखत असतील तर चढ सोडा, काठाकाठानेच चाला.

आणि हे सगळ्यांना पुरेल असं नाही. आमच्यातल्या एका काकांना चालूनही जेवण जात नव्हतं, बोलणं बंद होत चाललं होतं. त्यांना मुलाने डॉक्टरांकडे नेलं, ते बरं केलं. मनाच्या त्रासात बोलायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

माझी खरी तक्रार एकच : रविवारी ग्रुपला सुट्टी. रविवार हा यांच्या मटणाचा दिवस होता, बाजारात तासभर लावायचे. तोच दिवस सर्वांत लांब जातो आणि नेमकी त्याच दिवशी बेल वाजत नाही. दोनदा विषय काढून बघितला. मावशी म्हणाल्या, “एक दिवस तं झोपू दे वं बाई.” त्यांचंही खरंच आहे. मी एकटीच जाते, पण चढाच्या पायथ्यापासून परत फिरते.