स्टेपनीचं कव्हर काढून बघा, माझ्या गाडीची बदलली होती

ज्यांनी एवढ्यात टायर बदललेत आणि पुढच्या सीझनला स्पिती किंवा लडाखला स्वतःची गाडी घेऊन जायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी कृपया हे शेवटपर्यंत वाचा. लिहायला उशीरच झालाय, पण रोज कोणीतरी विचारतं की ऑफरोडला स्टेपनी खरंच लागते का, पंक्चर किट आणि पंप पुरत नाही का, आणि लोक खाली उत्तरं देतात की पुरतं, मग माझ्याने राहवत नाही.

गाडी माझी बोलेरो, 2019 ची, स्टेपनी मागच्या दाराला, वर कंपनीचं कव्हर. पाच वर्षांत ती स्टेपनी एकदाही खाली लागली नाही. कोऱ्या टायरला रबराचे बारीक बारीक केस असतात बघा, ते पण तसेच होते, गाडी धुताना कव्हर काढलं की माझी मुलगी ते उपटत बसायची आणि मी तिला ओरडायचो. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

सप्टेंबर 2024 मध्ये स्पितीला जायचं ठरलं, मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि मेहुणा. खालचे चारही टायर झिजून गोटा, म्हणजे गुळगुळीत, झाले होते. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं की स्टेपनी कोरी आहे ना, मग तीनच नवीन घ्या, स्टेपनी खाली टाका आणि जुन्यातला त्यातल्या त्यात बरा मागे लावा. मी म्हटलं एवढ्या लांब चाललोय, बायको-पोरगी बरोबर, चार नवीन आणि मागे कोरी स्टेपनी, कसलीच काळजी नको. मेकॅनिकनंच सांगितलेल्या भावापेक्षा हजार-बाराशे कमी पडत होते म्हणून हायवेवरच्या एका दुकानात गेलो, नाशिकच्या बाहेर, नाव लिहीत नाही कारण माझ्याकडे पुरावा नाही. चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून 27,500 झाले. माणूस गोड बोलणारा. स्पितीला चाललोय म्हटल्यावर स्वतःहून म्हणाला, "दादा, मग स्टेपनीची पण हवा चेक करून बॅलन्स करून देतो, त्याचे पैसे नको." मला इतकं बरं वाटलं ना. पोरानं स्टेपनी उतरवली आणि शेडच्या मागं नेली, मला इकडे अलाइनमेंटच्या कॉम्प्युटरसमोर उभं केलं, हे लाल होतं ते आता हिरवं झालं बघा, चहा आला, आणि मी हिरवे आकडे बघत चहा प्यालो. परत आलो तेव्हा स्टेपनी दाराला लागलेली, कव्हर चढवलेलं, गाडी पुसलेली. मी पन्नास रुपये पोराच्या हातात ठेवले.

मनालीपर्यंत काहीच नाही. रस्ता चांगला, टायर नवे, गाडी मस्त. मनालीहून अटल टनेलमधून पलीकडे लाहौलमध्ये उतरलो आणि ग्रामफूला काझाचा फाटा घेतला, तिथून पुढे ज्यांनी केलाय त्यांना माहितीये. छतरू, छोटा दरा, बातल. रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या कडेनं गोटे आणि मध्ये मध्ये बर्फाच्या पाण्याचे नाले, पहिला गिअर नाहीतर दुसरा. मोबाईलला रेंज नाही, पेट्रोल पंप नाही, पंक्चरवाला नाही. मनाली दोन हजार मीटरवर आणि बातल जवळपास चार हजारावर, म्हणजे एका दिवसात अंगाला विरळ हवा पण तेवढी सहन करायचीये.

छतरूच्या पुढं एका नाल्यात डावं मागचं चाक घसरलं आणि पाण्याखालच्या कपारीला घासलं. बाहेर आलो तर चाक बसलेलं. उतरून बघितलं तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागाला, बोटभर लांब चीर. मेहुण्यानं किट काढलं. त्याचं आधीपासून म्हणणं होतं की आता स्टेपनीचं काही राहिलं नाही, सरकारनंच नियम बदललाय. नियम बदललाय हे खरं आहे, 2020 मध्ये तसं नोटिफिकेशन निघालं, पण ते ट्यूबलेस टायर, टायरचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट हे सगळं गाडीत असेल तर स्टेपनी देणं सक्तीचं नाही एवढंच आहे. स्टेपनी नको असं कुठं म्हटलेलं नाही. आणि किट कशाला चालतं तर खिळा घुसला त्याला. जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, आत स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, तिथं किटमधली रबराची पट्टी घट्ट बसते. साइडवॉल पातळ आणि चाक फिरेल तशी ती प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथं पट्टी धरतच नाही. आम्ही चार पट्ट्या एकाशेजारी एक कोंबल्या, पंप लावला, हवा एका बाजूनं जातीये आणि दुसऱ्या बाजूनं सूं करून येतीये. दहा मिनिटांत हात गारठून बधिर झाले.

मग स्टेपनी. जॅकखाली चपटा दगड घातला, कव्हर काढलं, टायर काळाकुळकुळीत, चकाकता. बॅलन्सचं शिसं पण रिमला लावलेलं. आम्ही खूश. मुलगी बाजूला उभी होती, ती म्हणाली, "बाबा, याचे केस कुठे गेले?" मी म्हटलं, तूच उपटलेस की सगळे, गाडीत बस, वारा लागेल.

तिचं तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.

सात-आठ किलोमीटर गेलो असू, दहा-बाराच्या स्पीडनं. मागून थड थड थड आवाज यायला लागला, मला वाटलं दगड अडकलाय, थांबेपर्यंत धाडकन फुटला. साधा फुटला नाही, वरची सालच सुटून आली होती आणि आतल्या तारा बाहेर. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, ऊन डोंगरामागं गेलं आणि थंडी अशी पडली की बोलताना दात वाजत होते. दोन टायर गेलेले, बातल अजून चार-पाच किलोमीटर, पोरीचं डोकं दुखायला लागलेलं आणि तिला उलटी झाली. त्या तासाभरात मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

अंधार पडता पडता मागून एक पिकअप आला, काझाला किराणा घेऊन चाललेला. ड्रायव्हर तिकडचाच. त्यानं आधी बायकोला आणि पोरीला केबिनमध्ये बसवलं, हीटर लावला आणि मग टॉर्च घेऊन टायरपाशी बसला. फुटलेल्या टायरची जी नक्षी शिल्लक होती त्या खाचेत त्यानं अंगठ्याचं नख घातलं आणि मला म्हणाला, "भाईसाब, ये तो काटा हुआ टायर है. किसने दिया?" मला कळेचना. मग त्यानं दाखवलं. कंपनीच्या टायरची खाच तळाला गुळगुळीत असते आणि तिच्यात ठरावीक अंतरावर आडवी बारकी पट्टी असते, नक्षी झिजून त्या पट्टीच्या लेव्हलला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर राहिली, टायर बदलायचा. कुठं बघायचं त्यासाठी टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण नाहीतर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. माझ्या टायरवर त्रिकोण होता, समोर खाचेत पट्टी नव्हती. गोटा झालेल्या टायरला गरम सुरीनं नवीन खाचा पाडल्या होत्या, तळ वेडावाकडा, एका जागी तर आतला धागा दिसत होता, आणि वरून सगळ्यावर काळं पॉलिश. त्याचं बोट काळं झालं ते त्यानं मला दाखवलं.

मग त्यानं चाक उलटं केलं. टायर कधी बनला ते चार आकड्यांत लिहिलेलं असतं, एका लंबगोल चौकटीत, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. पुष्कळ टायरना हे आकडे एकाच बाजूला असतात. माझ्या टायरची ती बाजू आत, दाराकडे होती. आकडे होते 3112. 2012 सालचा एकतिसावा आठवडा. माझी गाडीच 2019 ची. गाडीपेक्षा सात वर्षांनी म्हातारी स्टेपनी कंपनीनं मला दिली असेल का? रिम माझीच होती, रिमवर मुलीनं चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर तसंच होतं. फक्त टायर काढून घेतला होता आणि हा भरला होता. म्हणजे मी चहा पीत होतो तेव्हा.

त्या रात्री बातलच्या ढाब्यावर काढली. मुलीला रात्रभर मांडीवर घेऊन बसलो, तिथल्या मावशींनी दोन रजया जास्तीच्या दिल्या आणि आल्याचा चहा पाजला, पैसे घेईनात. सकाळी तिला बरं वाटलं, पण नसतं वाटलं तर तिला खाली न्यायला माझ्याकडे गाडी नव्हती. माझी गाडी रस्त्याच्या कडेला तीन चाकांवर जॅक लावून उभी होती. हे मी अजून विसरलो नाही.

मेहुणा त्याच पिकअपमधून दोन्ही रिम घेऊन कुंझुमची खिंड ओलांडून काझाला गेला, ऐंशी-नव्वद किलोमीटर. तिथं एक सेकंडहँड पण खरी नक्षी असलेला टायर मिळाला आणि चिरलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, मारून घेतला, निदान हळूहळू चालवता येईल एवढा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एचआरटीसीच्या, म्हणजे हिमाचलच्या एसटीच्या, बसनं दोन्ही चाकं घेऊन परत आला. आम्ही तिथूनच मागं फिरलो. काझा बघितलंच नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्यानं ओळखलं, या दादा, कशी झाली ट्रिप. टायर दाखवला तर एका सेकंदात चेहरा बदलला. "स्टेपनीला आम्ही हातपण लावला नाही. बिलात आहे का?" बिलात नव्हतंच, फुकट केलं होतं ना. मी म्हटलं बॅलन्सचं शिसं कोणी लावलं मग. तो म्हणाला कंपनीचं असेल. ज्या पोरानं स्टेपनी उतरवली होती तो कामावर नव्हता. आणि भिंतीला एक टायर टेकवून ठेवला होता, 215/75 आर 15, माझ्याच साइजचा, केसांसकट, वर खडूनं लिहिलेलं सेकंड. माझा होता की नव्हता ते देवाला माहीत, माझ्याकडे माझ्या टायरच्या नंबरचा फोटो असता तर मी तिथंच उभं राहून सिद्ध केलं असतं. एक फोटो, बास. पाच वर्षांत मी त्या टायरचा एक फोटो काढला नव्हता.

1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. दुकानदाराचं उत्तर आलं की आरोप खोटा आहे. वकील मित्र म्हणाला कागद नाही, केस उभी राहायला अवघड आहे. मी प्रयत्न सोडलेला नाही पण तुम्हाला खोटी आशा पण दाखवत नाही.

म्हणून सांगतो, टायरच्या दुकानात जायच्या आधी घरीच कव्हर काढा, पाचही टायरच्या चार आकड्यांचे फोटो काढा, आतल्या बाजूला असतील तर स्टेपनी उतरवून काढा. स्टेपनीला फुकट काही करून देतो म्हणाला तरी ती बिलात लिहून घ्या, शून्य रुपये लिहू दे पण लिहू दे. स्टेपनी शेडच्या मागं चालली की तुम्हीपण मागं जा, चहा गार होऊ द्या. निघायच्या आधी ती एकदा खाली लावून पन्नास-शंभर किलोमीटर चालवून बघा. मी हे केलं असतं तर टायर इगतपुरीच्या घाटात फुटला असता, जिथं फोन लागतो.

नवीन स्टेपनी घेतलीये, यावेळी मेकॅनिकबरोबर जाऊन. मुलीनं तिच्यावर आतून पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःचं नाव लिहिलंय आणि केसांना हात लावत नाही.

तो फुटलेला टायर अजून बाल्कनीत आहे, तक्रार चालू आहे तोवर ठेवायचाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दोनशे देतो म्हणाला. देणार नाही. काम झालं की हॅक्सॉ घेऊन त्याच्या कडेची तार दोन ठिकाणी कापणार आहे, म्हणजे कोणी परत रिमवर चढवू शकणार नाही.