एप्सिमचे आठ महिने: ठिकाणाऐवजी ताणावरून गट

आमच्या ज्वारीच्या चाचण्यांत एका वर्षी पहिला आलेला वाण पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी तळाला जायचा. आम्ही चाचण्यांचे गट पाडायचो ते ठिकाणावरून, आणि घोळ तिथेच होता. आठ महिने एप्सिम हे पीकवाढीचं संगणकीय प्रारूप वापरल्यावर याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

हे प्रारूप संगणकावर पीक दिवसादिवसाने वाढवतं. तापमान, सूर्यप्रकाश, पाऊस, जमिनीची थरवार माहिती आणि पेरणीची तारीख दिली की मुळांना मिळू शकणारं पाणी आणि पिकाची गरज यांचं रोजचं गुणोत्तर मिळतं. १ च्या खाली जितकं घसरेल तितका पाण्याचा ताण जास्त. या गुणोत्तराचा आलेख फुलोरा मध्यभागी धरून अंश-दिवसांत, म्हणजे पिकाला मिळालेल्या रोजच्या उष्णतेच्या बेरजेत मांडायचा. तारखांवर मांडाल तर हळव्या आणि गरव्या वाणांची सरमिसळ होते. मग सारख्या चालीचे आलेख एका गटात. ऑस्ट्रेलियातल्या गव्हासाठी याच पद्धतीने ताणाचे चार मुख्य प्रकार निघाले आहेत.

आमचं एकच ठिकाण तीन वर्षांत तीन गटांत गेलं! एकाच गटातल्या चाचण्यांत मात्र वाणांचा क्रम बऱ्यापैकी जुळला.

जमिनीच्या माहितीत हयगय चालत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. एक शेत ‘ताण नाही’ या गटात आलं होतं, पण त्या हंगामात पोटरीत असतानाच तिथली पानं दुपारी सुरळी करत होती. शेवटी खड्डा खणला. दोन फुटांवर मुरूम लागला, आणि मी खोली भरली होती १२० सेंटिमीटर. आकडा दुरुस्त केल्यावर शेत फुलोऱ्याआधीच्या ताणाच्या गटात गेलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या हवामानाचा. तीस वर्षांच्या नोंदींवर प्रारूप चालवलं तेव्हा कळलं की आमच्या चाचण्यांत दोनदा आलेला दाणे भरतानाचा ताण एरवी क्वचितच येतो. आता कोणता ताण किती वर्षांत येतो, त्या प्रमाणात निकालांना वजन देऊन निवड करतो. दोन वाण त्यामुळे यादीत परत आले, याचं मला फार समाधान आहे.

रोग-किडी या हिशेबात येत नाहीत. खोडमाशीने विरळ झालेली चाचणी ताणमुक्त गटात बसली होती. अशा चाचण्या आम्ही शेतातल्या नोंदी पाहून आधीच बाजूला काढतो.