माफ केलं, तरी तीनच तारे (सुधारलेला रिव्ह्यू)

आधीचा रिव्ह्यू आज बदलते आहे, कारण दुकानमालकांचा फोन आला. "मावशी, तुम्ही तर माफ केलं म्हणालात. मग दोनच स्टार?"

प्रश्न रास्त आहे. आईची टोपपदराची, म्हणजे लाल पदरावर पांढरी नक्षी असलेली, इरकल साडी त्यांच्याकडे ड्रायक्लीनला टाकली होती. परत आली ती पदराचा लाल रंग पांढऱ्यावर उतरून गुलाबी होऊन. पाण्यात बुचकळली असणार, दुसरं काय! मालक काउंटरच्या बाहेर आले, सबबी न सांगता "चूक आमचीच" म्हणाले, भरपाईही देऊ केली. मी म्हटलं, "राहू द्या, माफ केलं." आणि घरी येऊन रागारागात दोन तारे ठोकले.

मी कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. 'पैज लावतो' म्हटलं आणि समोरच्याने मान्य केलं की पैज लागली. पाळायचा इरादा नसला तरी वचन दिलं ते दिलंच, फार तर पोकळ म्हणा. मी बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात त्याचं उदाहरण द्यायचे, मुलांना लगेच पटायचं. 'माफ केलं'पाशी मात्र गाडी अडायची. राग तसाच असेल तर माफी झाली का?

काउंटरवर माझा राग तसाच होता. तरी त्या दोन शब्दांनी भरपाईवरचा माझा हक्क संपला. आज जाऊन पैसे मागितले तर मीच खोटी पडेन. डाग पडलाच नाही, असं मात्र मी कबूल केलं नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार नाही, असंही म्हटलं नव्हतं.

मग चुकलं कुठे? दोन तारे डागासाठी नव्हते. तोंडाने सोडलेली भरपाई मी घरी बसून वसूल करत होते. म्हणून एक तारा वाढवला. चौथा मागू नका, मावशी म्हटलंत तरी.

इस्त्री उत्तम, कॉलर कडक, कपडे सांगितल्या दिवशी घरपोच. रोजचे कपडे बिनधास्त टाका. जुनी रंगीत साडी असेल तर काउंटरवरच पदराचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघायला सांगा. फडकं लाल झालं तर साडी उचला आणि घरी जा.