गाईचं स्त्रीबीज लॅबमध्ये परिपक्व करताना: सरळ २४ तास की दोन टप्पे?

गाईच्या आयव्हीएफवर, म्हणजे शरीराबाहेरच्या फलनावर, काम करायचं ठरलं की पहिला फाटा इथेच फुटतो. फॉलिकलमधून (अंडाशयातल्या, स्त्रीबीज वाढतं त्या पिशवीतून) काढलेली स्त्रीबीजं थेट २२-२४ तास परिपक्व करायची, की आधी काही तास थोपवून धरायची आणि मग सोडायची? धुळे-जळगावच्या छोट्या लॅबमध्ये हात बसवणाऱ्यांसाठी दोन्ही बाजू मांडतो.

सरळ पद्धत मांडायला सोपी. क्युम्युलस पेशींचे, म्हणजे स्त्रीबीजाभोवतीच्या मदतनीस पेशींचे, दाट थर असलेली स्त्रीबीजं निवडायची, एफएसएच हे संप्रेरक घातलेल्या माध्यमात ३८.५ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी क्युम्युलस फुलून पसरलेलं दिसतं आणि साधारण ८० टक्के स्त्रीबीजं केंद्रकाच्या अंगाने तयार असतात. फलनानंतर ब्लास्टोसिस्टपर्यंत (साधारण आठवडाभराच्या भ्रूणापर्यंत) मात्र बहुधा ३० ते ४० टक्केच पोचतात.

ही गळती समजायची तर पेशींचं आपसातलं बोलणं पाहायला हवं. क्युम्युलस पेशींचे बारीक धागे झोना हे स्त्रीबीजाचं कवच भेदून स्त्रीबीजाला टेकलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी गॅप जंक्शन, म्हणजे दोन पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग, असतात. ग्लुकोज वापरणं स्त्रीबीजाला स्वतःला फारसं जमत नाही, म्हणून याच वाटेने त्याला पायरुवेट (ग्लुकोजपासून बनलेलं इंधन) मिळतं. सीजीएमपी हा निरोप्या रेणूही इथूनच आत जातो. ते पीडीई-३ए या विकराला रोखतं, त्यामुळे सीएएमपी हा दुसरा निरोप्या रेणू टिकतो आणि मिऑसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) थांबून राहतं. उलट दिशेनेही निरोप जातात: स्त्रीबीज जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिनं सोडून क्युम्युलसचा चयापचय आपल्या गरजेप्रमाणे वळवतं. मला तरी या सगळ्यातला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

शरीरात एलएच या संप्रेरकाचा लोंढा आला की ईजीएफसारखी (वाढीचा संकेत देणारी) पेप्टाइड्स सुटतात, सीजीएमपी घटतं आणि मिऑसिस पुढे सरकतं. आपण सुईने स्त्रीबीज ओढतो तेव्हा फॉलिकलच्या भिंतीकडून येणारं, सीजीएमपी बनवायला लावणारं सीएनपी हे पेप्टाइड एकाएकी तुटतं आणि एलएचविनाच तीच साखळी सुरू होते. पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या स्त्रीबीजांत हे आपोआप सुरू होणं १९३५ सालीच दाखवलं होतं. गाईत ६-८ तासांत केंद्रकाचं आवरण विरघळतं. पेशीरसाची तयारी मागे राहते आणि गळती तिथेच होते.

दोन टप्प्यांची पद्धत हीच घाई आवरते. आधी सीएनपी देऊन, किंवा फोर्स्कोलिन आणि आयबीएमएक्स ही रसायनं देऊन सीएएमपी चढं ठेवायचं, म्हणजे गॅप जंक्शन जास्त वेळ उघडे राहतात. (फोर्स्कोलिन ज्या मुळांतून मिळतं, त्यांचं शेजारच्या गुजरातेत ‘गरमर’ म्हणून लोणचं घालतात.) २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने गाय आणि उंदीर दोन्हींत याचे फार चांगले निकाल दिले, पण पुढे सगळ्याच लॅबना तो फायदा मिळाला नाही. मात्रा आणि वेळ जराशी चुकली तरी सगळं बिघडतं.

आता आपल्याकडचा हिशेब. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे, त्यामुळे कत्तलखान्यातून गाईची अंडाशयं मिळणार नाहीत. ओपीयू करून, म्हणजे जिवंत गाईच्या अंडाशयातून सुईने ओढून, दात्या गाईकडूनच स्त्रीबीजं घ्यायची. म्हणजे संख्या मोजकी. म्हशीची मिळतील, सरावाला ती उत्तम. पण तिथले वेळेचे आकडे गाईला तसेच्या तसे लावू नका. शिवाय खान्देशातला मे महिना: ४१ अंशांवर ठेवलेली स्त्रीबीजं परिपक्व होतानाच बिघडतात आणि बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो. गोठ्यापासून लॅबपर्यंत तापमान राखणारा पोर्टेबल इन्क्युबेटर आणि लॅबमध्ये वीज गेली तरी चालणारा बॅकअप, यावर आधी खर्च करा.

माझं मत स्पष्ट आहे. नव्या लॅबने सरळ पद्धतच घ्यावी, क्युम्युलस अजिबात न सोलता. निकाल सलग स्थिर येऊ लागले, की मगच दोन टप्प्यांकडे वळा. अपवाद एकच: तुमच्या संशोधनाचा प्रश्नच पेशींच्या संकेतांचा असेल तर दोन टप्पे टाळता येणार नाहीत. तेव्हा पहिला टप्पा संपताच थोडी स्त्रीबीजं सोलून, रंगवून पाहा. केंद्रकाचं आवरण शाबूत दिसलं नाही, तर थोपवणं झालेलंच नाही. ती तुकडी पुढच्या तुलनेत धरू नका.